मल्टी-इफेक्ट ट्यूब अँपला जोडलं की ‘घूं’ का होतं, आणि ते कसं घालवायचं

तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते. गिटार थेट अँपला लावली तर आवाज स्वच्छ. प्रोसेसर हेडफोनवर ऐकला तर तोही स्वच्छ. पण दोघांना एकत्र जोडलं, त्यातही चार केबलच्या पद्धतीने जोडलं (ही जोडणी पुढे दिलीय), की काही न वाजवतासुद्धा स्पीकरमधून घूं चालू. गेन वाढवला की निम्मं वाजवणं त्यात बुडतं. मग माणूस केबल बदलतो, महागडी केबल आणतो, अडॅप्टर बदलतो आणि शेवटी वैतागून प्रोसेसर विकायला काढतो.

एवढं करायची गरज सहसा नसते. दोन्ही यंत्रं ठणठणीत असतात. त्यांच्या ग्राउंडच्या तारा एकमेकींना एकापेक्षा जास्त ठिकाणी भेटतात, आणि घूं तिथे तयार होतो. म्हणून तो अँप उघडून सापडत नाही आणि प्रोसेसर उघडूनही सापडत नाही. तो जोडणीत शोधायचा असतो, आणि एका वेळी एकच केबल लावून.

आधी नीट ऐका

‘नॉइज येतोय’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. फोनवर ट्यूनर उघडा आणि फोन स्पीकरच्या जाळीपाशी धरा. आवाज विजेच्या लाइनचा असेल तर ट्यूनर जी दाखवेल, पण तो जी साधारण ३५ सेंट (सेंट म्हणजे एका फ्रेटचा शंभरावा भाग) चढा असेल. आपल्याकडे लाइन ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००, आणि गिटारच्या जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी येतो ९८ हर्ट्झवर. जी मेजर धरला की हम, म्हणजे लाइनचा हा घूं, त्यात लपून जातो आणि ए धरला की टोचायला लागतो, त्याचं कारण हेच. परदेशी व्हिडिओंत ६० हर्ट्झचा हम ऐकवतात, तो बी-फ्लॅट आणि बी यांच्या बरोबर मधे पडतो. त्यामुळे ‘त्यांच्यासारखा वाटत नाही’ म्हणून गोंधळू नका.

काटा जीवर स्थिर राहिला, तर लाइनचा हम. या लेखाचा बराचसा भाग त्याच्यावरच आहे. काटा नुसता नाचत असेल तर बाकीचे उमेदवार बघा. झर्र असा कोरडा, धारदार आवाज असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, लाइट डिमर, स्वस्त एलईडी ड्रायव्हर किंवा इन्व्हर्टर. सूं असा पाऊस पडल्यासारखा आवाज असेल तर लेव्हल आणि गेनचा मामला. बारीक चिंईं, आणि पॅच बदलला की तिची पट्टीही बदलते, तर प्रोसेसरची पॉवर. हात न लावता मधेच खरखर, चटचट होत असेल तर जॅक किंवा ट्यूब. आणि शिट्टी असेल तर सिग्नल कुठेतरी फिरून स्वतःच्याच इनपुटला येतोय.

एकाच सेटअपमध्ये यातले दोन-तीन एकदम असू शकतात, आणि बहुतेक वेळा असतातच. घूं गेला की त्याच्याखाली दडलेला सूं पहिल्यांदा ऐकू येतो आणि लोकांना वाटतं काही फरकच पडला नाही. म्हणून सगळ्यात मोठा आवाज आधी घ्या, तो मिटला की पुढचा.

बोर्ड

अँप, प्रोसेसर आणि लॅपटॉप असेल तर तोही, सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. अँप भिंतीच्या सॉकेटवर आणि प्रोसेसर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर, असं अजिबात नको. स्टेजवर तर दोन सॉकेट दोन वेगळ्या फेजवर आणि दोन वेगळ्या वायरिंगवर निघू शकतात. ४० वॅटचा ट्यूब अँप लाइनमधून घेऊन घेऊन दोनशे वॅटच्या आसपास घेतो, प्रोसेसर त्याच्या मानाने किरकोळ. साधा ६ अँपियरचा बोर्ड पुरून उरतो.

आता त्या बोर्डला अर्थिंग आहे का ते बघा. जुन्या इमारतीत, भाड्याच्या खोलीत, बेसमेंटमधल्या प्रॅक्टिस रूममध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे तार नसते. टेस्टरचा दिवा फक्त फेज दाखवतो, अर्थिंगबद्दल तो काही सांगत नाही. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थही जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट, असं आलं तर ठीक. फेज-अर्थ शंभरच्या आसपास तरंगत असेल तर अर्थिंग जोडलेलंच नाही. अशा वेळी पुढचं काहीही करू नका, वायरमनला बोलवा. मल्टिमीटरची टोकं सॉकेटमध्ये घालायची सवय नसेल तर हे मोजमापही त्यालाच करू द्या. सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलेला असेल तर त्यात पाणी घालायला सांगा. ही अंधश्रद्धा नाही, माती सुकली की तिचा रोध खरंच वाढतो.

याच ठिकाणी कुणीतरी अनुभवी माणूस खांद्यावर हात ठेवून सांगतो, ‘अँपची अर्थची पिन काढून टाक, हम जातो.’ जातो, हे खरं आहे. आणि करायचं नाही, हेही तितकंच खरं आहे. ट्यूब अँपच्या आत चारशे व्होल्टच्या घरात डीसी फिरत असतं. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या शील्डमधून थेट अँपच्या चासीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. आत काही बिघडून चासी लाइव्ह झाली तर अर्थिंग असताना फ्यूज किंवा एमसीबी उडतो. अर्थिंग नसेल तर वाट बघितली जाते ती तुमच्या दुसऱ्या हाताची, जो माइकला लागणार असतो. १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्झी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे स्टेजवर माइकला हात लावताच गेला, तो अर्थिंगच्या घोळामुळेच. आपल्या थ्री-पिन प्लगवर अर्थची पिन बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब असते, ती सॉकेटमध्ये सगळ्यांच्या आधी टेकावी आणि सगळ्यांच्या शेवटी सुटावी म्हणून. ती कापलेली दिसली तर प्लग बदला.

तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येतात, हीदेखील तक्रार नेहमीची. प्रोसेसरच्या टू-पिन अडॅप्टरमधून अगदी थोडी गळती होत असते. प्रोसेसर एकटा, नुसत्या हेडफोनवर असेल तर ती गळती तारांवर जाणवते आणि ते तसं सामान्य आहे. अँप जोडल्यावर ती अँपच्या अर्थिंगमधून निघून जायला हवी. अँप जोडलेला असतानाही झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. वाजवणं थांबवा.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर सराव करत असाल तर एवढंच बघा, की इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे की जुना स्क्वेअर वेव्हवाला. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि स्पीकरमधून झर्र येतो. त्याला केबल जबाबदार नाही. लाइट आली की पुन्हा ऐका आणि मगच निष्कर्ष काढा.

अँप एकटा

सगळ्या केबल काढा. अँप चालू करून गरम होऊ द्या आणि नेहमीच्या जागी गेन, मास्टर ठेवा. स्पीकर मात्र जोडलेला हवाच, ट्यूब अँप बिना-स्पीकर कधीच चालू करायचा नसतो. बहुतेक अँपमध्ये इनपुट जॅक रिकामा असताना आतून ग्राउंडला शॉर्ट असतो. त्यामुळे आता जे ऐकू येतंय ते अँपचं स्वतःचं. थोडा सूं असणारच, हाय-गेन चॅनेलवर जरा जास्त. पण इथेच ठसठशीत घूं असेल तर प्रोसेसरचा काही संबंध नाही.

घूं कुठल्या भागातून येतोय हे बघायला एक टीचभर युक्ती आहे. जुना जॅक घ्या, त्याची टिप (टोक) आणि स्लीव्ह (मागची नळी) तारेच्या तुकड्याने जोडून टाका आणि तो अँपच्या इफेक्ट रिटर्नमध्ये घाला, म्हणजे प्रीअँप आणि पॉवर सेक्शन यांच्या मधल्या इफेक्ट लूपच्या परतीच्या जॅकमध्ये. प्रीअँप बाजूला पडला. तरीही घूं तसाच, तर दोष पॉवर सेक्शनमध्ये: वाळलेले फिल्टर कपॅसिटर, बिघडलेला बायस किंवा एखादी मेलेली पॉवर ट्यूब. हे काम अँप दुरुस्त करणाऱ्याचं. बंद केलेल्या अँपमध्येही कपॅसिटर भरलेले राहतात, तेव्हा उत्सुकतेपोटी चासी बाहेर काढू नका. घूं गेला, तर प्रीअँप. प्रीअँपच्या छोट्या बारा-एएक्स-सेव्हन ट्यूबवर लाकडी पेन्सिलीने हलकं टकटक केलं आणि एखादीवर स्पीकरमधून घंटेसारखा टणत्कार आला, तर ती मायक्रोफोनिक झालीय, म्हणजे माइकसारखे धक्के पकडतेय. ट्यूब तापलेल्या असतात, बोटं लांब.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणपट्टीत, आणखी एक भानगड होते. इफेक्ट लूपच्या रिटर्न जॅकमध्ये एक स्विच असतो. प्लग नसताना तो सेंडला रिटर्नशी आतल्या आत जोडतो. दमट हवेत त्याचे काँटॅक्ट काळे पडतात. आवाज मधेच दबतो, खरखरतो, जोरात वाजवलं की परत येतो. लोक यालाही ‘प्रोसेसरचा नॉइज’ म्हणतात. सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी पॅच केबल लावा. आवाज सुधारला तर चोर तोच. काँटॅक्ट क्लीनरचा फवारा प्लगवर मारून तो प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर केला की बऱ्याचदा काम होतं.

मग गिटार

गिटार थेट अँपला. हम आला आणि तुम्ही जागेवर गोल फिरलात की कमी-जास्त होतो, तर तो पिकअप हवेतून पकडतोय. सिंगल कॉइल असेल तर हे होणारच. अँपच्या ट्रान्सफॉर्मरपासून दोन पावलं लांब जा, अंग काटकोनात वळवा. तारांना हात लावल्यावर बझ कमी होत असेल तर गिटार नीट आहे, शील्डिंग करून घेतलं तर अजून शांत होईल. हात लावल्यावर वाढत असेल तर गिटारमधली ब्रिज ग्राउंडची तार सुटलीय किंवा अर्थिंगमध्ये घोळ आहे.

पुढची पायरी, प्रोसेसर अँपच्या समोर: गिटार प्रोसेसरला, प्रोसेसर अँपच्या इनपुटला. दोनच केबल. नंतर प्रोसेसर फक्त लूपमध्ये. या दोन्हीत शांतता असेल आणि चार केबल लावल्यावरच घूं येत असेल, तर अभिनंदन. तुमची केस सर्वांत सामान्य आहे आणि ती सुटते.

चार केबल

जोडणी अशी असते:

पहिली: गिटार ते प्रोसेसरचा इनपुट.
दुसरी: प्रोसेसरचा सेंड ते अँपचा इनपुट.
तिसरी: अँपचा सेंड ते प्रोसेसरचा रिटर्न.
चौथी: प्रोसेसरचा आउटपुट ते अँपचा रिटर्न.

यामुळे ड्राइव्ह, वाह, कॉम्प्रेसर हे अँपच्या प्रीअँपच्या आधी बसतात आणि डिले, रिव्हर्ब नंतर. यात इथे नेहमी एक प्रश्न येतो: ‘माझ्या प्रोसेसरला तर टू-पिन अडॅप्टर आहे, अर्थिंगच नाही, मग ग्राउंड लूप कुठून आला?’

केबलमधूनच आला. प्रत्येक केबलच्या बाहेरच्या जाळीचं, म्हणजे शील्डचं, एक टोक प्रोसेसरच्या ग्राउंडला आणि दुसरं अँपच्या चासीला. दुसरी, तिसरी, चौथी अशा तीन केबल म्हणजे त्या दोन डब्यांमध्ये ग्राउंडचे तीन रस्ते. कुठल्याही दोन रस्त्यांचं मिळून एक वेटोळं तयार होतं. अँपचा पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र आसपास पसरवत असतो आणि ते त्या वेटोळ्यातून जातं. वेटोळ्यात प्रवाह सुरू होतो. शील्डला थोडासा रोध असतो, त्यावर काही मिलिव्होल्टचा भाग तयार होतो आणि तो तुमच्या सिग्नलमध्ये मिसळतो. दुसऱ्या केबलवर मिसळलेला तो एवढासा सिग्नल अँपच्या पहिल्या ट्यूबपासून शेवटपर्यंत वाढत जातो. म्हणून क्लीनला जो हम चालून जातो तो डर्टी चॅनेलवर असह्य होतो.

हे स्वतः बघता येतं. चारही जोडा, डर्टी चॅनेल लावा, गिटारचा व्हॉल्यूम शून्य. आता अँपकडे जाणाऱ्या तीन केबल जमिनीवर ताणून एकमेकींपासून हातभर लांब पसरा. ऐका. मग त्या तिन्ही एका मुठीत गोळा करून अँपच्या मागच्या बाजूपासून दूर न्या. घूं उतरलेला कळेल. कधी थोडा, कधी चांगलाच. वेटोळ्याचं क्षेत्रफळ कमी झालं, एवढंच झालं.

म्हणून पहिला उपाय फुकटचा. त्या तिन्ही केबल दर वीतभर अंतरावर इन्सुलेशन टेपने किंवा वेल्क्रोने एकत्र बांधा. जादा लांबीची गुंडाळी करून अँपच्या मागे टाकू नका. पॉवर कॉर्डच्या शेजारून समांतर नेऊ नका, ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. बरेच सेटअप इथेच शांत होतात, आणि लोक या पायरीवर विश्वास ठेवत नाहीत कारण ती फार साधी आहे.

पुरेसं झालं नाही, तर तिसऱ्या केबलची शील्ड एका टोकाला सोडवायची. प्लगचं झाकण फिरवून काढा. मधली तार टिपच्या पत्र्याला लागलेली असते आणि पीळ दिलेली जाळी लांब पत्र्याला, जिथे केबल चिमटलेली असते तिथे. सोल्डरिंग आयर्न टेकवून फक्त जाळी सुटी करा, कापा आणि त्यावर हीट श्रिंक चढवा, म्हणजे ती कुठे टेकणार नाही. पत्र्याचे चिमटे केबलच्या बाहेरच्या आवरणावरच बसलेत, जाळीला लागत नाहीत, हेही बघा. कुठल्या टोकाला सोडायची यावर लोक वाद घालतात. मी प्रोसेसरकडच्या टोकाला सोडतो, कारण अँपची चासी अर्थला आहे, आणि उरलेली शील्ड तिला बांधलेली राहिली तर ती बाहेरचा कचरा अडवत राहते. मोल्डेड प्लगच्या केबलवर हे करता येत नाही, त्यासाठी उघडता येणारा प्लग हवा.

सिग्नलला परतीचा रस्ता लागतोच, तो आता दुसऱ्या केबलच्या शील्डमधून मिळतो. म्हणून दुसरी केबल पूर्ण जोडलेली असायलाच हवी, तिला हात लावायचा नाही. तिसरी सोडवून भागलं नाही तर चौथीचीही शील्ड तशीच सोडा, पण आधी एकटीने बघा. सोडवलेल्या टोकाला लाल टेप गुंडाळा. ही केबल घाईत दुसरीकडे कुठे लावली गेली तर कानठळ्या बसवणारा बझ येतो आणि अर्धा तास कुणालाच काही कळत नाही.

प्लगच्या शील्डला सोडणं आणि अँपच्या अर्थिंगची पिन काढणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात सुरक्षेच्या साखळीला धक्का लागत नाही.

तिसरा उपाय ट्रान्सफॉर्मरचा. एकास-एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर असलेली आयसोलेटरची डबी चौथ्या केबलच्या मार्गात, अँपच्या रिटर्नपाशी बसवा. सिग्नल चुंबकीय वाटेने पलीकडे जातो, ग्राउंड तुटतो. एबटेकचं हम एलिमिनेटर हे त्यातलं जुनं नाव. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सुटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर शोधून, पत्र्याच्या डबीत दोन जॅकसह बसवणारेही आहेत. पण दोन गोष्टी. चिमुकला ट्रान्सफॉर्मर मोठ्या लेव्हलला खालच्या स्वरांवर गुदमरतो आणि पाम म्यूटचा दणका पोकळ होतो. आणि ही डबी गिटार आणि पहिल्या इनपुटच्या मधे कधीच बसवू नका. पिकअपला पुढे मेगाओहमच्या घरातला इनपुट लागतो. ६०० ओहमचा ट्रान्सफॉर्मर समोर आला की आवाज ब्लँकेट टाकल्यासारखा होतो.

ज्यांचा प्रोसेसर लाइन ६ हेलिक्स फ्लोअरसारखा थेट थ्री-पिन कॉर्डवर चालतो त्यांच्याकडे आणखी एक रस्ता वाढतो: प्रोसेसरचा अर्थ आणि अँपचा अर्थ बोर्डमध्ये भेटतात. त्यांना बहुतेकदा नुसतं बांधून भागत नाही, शील्ड सोडावी लागते किंवा ट्रान्सफॉर्मर लागतो. लॅपटॉप यूएसबीने जोडलाय आणि त्याचा चार्जर थ्री-पिन आहे, तरी तेच. यूएसबी काढून बघा, किंवा चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. दोन सेकंदांत निकाल लागतो. आणि प्रोसेसरच्या मागे ‘ग्राउंड लिफ्ट’ लिहिलेलं बटण दिसलं तर खूश होण्याआधी मॅन्युअल वाचा. बहुतेक यंत्रांत ते फक्त एक्सएलआर आउटपुटसाठी, म्हणजे मिक्सरकडे जाणाऱ्या केबलसाठी असतं. चार केबलच्या घूंवर त्याचा शून्य परिणाम.

केबल लावता-काढताना मास्टर शून्यावर ठेवायला विसरू नका.

घूं गेला, आता सूं

याचं मूळ जवळजवळ नेहमी लेव्हलमध्ये असतं. इफेक्ट लूप दोन घराण्यांचे: पेडलसाठीचे, साधारण उणे १० डीबीव्ही किंवा त्याहूनही खाली, आणि स्टुडिओतल्या रॅकसाठीचे, अधिक ४ डीबीयू. व्होल्टमध्ये सांगायचं तर ०.३ आणि १.२, म्हणजे जवळजवळ चौपट फरक. काही अँपवर यासाठी मागे स्विच असतो. ब्लॅकस्टार एचटी-५आरवर तो आहे. प्रोसेसरमध्ये याच्याच जोडीचं सेटिंग ग्लोबल मेन्यूत सापडतं, ‘इन्स्ट्रुमेंट’ आणि ‘लाइन’ या नावांनी. हेलिक्समध्ये सेंड, रिटर्न आणि आउटपुटला ते वेगवेगळं लावता येतं.

चुकलं तर दोन प्रकारे चुकतं. अँपचा सेंड जोरदार आणि प्रोसेसरचा रिटर्न इन्स्ट्रुमेंटवर असेल, तर डिजिटल क्लिपिंग होतं. तो फाटका आवाज ट्यूबचा नाही, हे कानाला लगेच कळतं. उलट, अँपच्या रिटर्नला लाइन लेव्हल हवी आणि प्रोसेसर इन्स्ट्रुमेंट लेव्हल देतोय, तर आवाज कमी पडतो, तुम्ही मास्टर चढवता आणि सोबत प्रोसेसरचा सगळा सूंही चढतो. तपासायची रीत सोपी आहे. सगळे इफेक्ट बंद असलेला कोरा पॅच घ्या. आधी सेंड-रिटर्नमध्ये साधी पॅच केबल लावून वाजवा, मग प्रोसेसर मधे घालून वाजवा. आवाजाची पातळी तीच राहिली पाहिजे. नाही राहिली तर आधी इन्स्ट्रुमेंट-लाइन बदला, मग आउटपुट लेव्हल. पॅचमधल्या व्हॉल्यूमशी खेळणं सगळ्यात शेवटी.

अँपच्या इनपुटला जाणारा सेंड मात्र नेहमी इन्स्ट्रुमेंटवर. आणि अँपचा डर्टी चॅनेल चालू असताना त्याच्या आधी प्रोसेसरमधला कॉम्प्रेसर, बूस्ट आणि डिस्टॉर्शन हे तिघेही चालू असतील तर सूं येणारच. केबल निर्दोष आहेत, तो गेनचा हिशोब आहे.

इथे एक स्पष्ट मत. चार केबलची पद्धत वापरणाऱ्यांपैकी बरेच जण अँपचं प्रीअँप प्रत्यक्षात वापरतच नाहीत. सगळे पॅच प्रोसेसरच्या अँप मॉडेलवर असतात आणि चार केबल फक्त व्हिडिओत बघितल्या म्हणून असतात. तुम्ही त्यातले असाल तर गिटार प्रोसेसरला, प्रोसेसर थेट अँपच्या रिटर्नला, कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरच्या पेटीची नक्कल) बंद, आणि संपलं. दोन केबल, केबलचं वेटोळंच नाही. फेंडर हॉट रॉड डिलक्सवर रिटर्नच्या जागी ‘पॉवर अँप इन’ लिहिलेलं असतं, काम तेच. फेंडर ब्ल्यूज ज्युनियरसारख्या अँपला लूपच नाही, तिथे चार केबलचा प्रश्न उद्भवत नाही. चॅनेल क्लीन ठेवा, प्रोसेसर समोर लावा, अँप मॉडेल आणि कॅबिनेट सिम्युलेशन दोन्ही बंद.

चिं आणि शिट्टी

चिंईं आवाज बहुतेक वेळा येतो तो प्रोसेसर आणि दोन-तीन सुटे पेडल एकाच अडॅप्टरवरून डेझी चेनने, म्हणजे एका तारेच्या अनेक फाट्यांनी, चालवल्यामुळे. प्रोसेसरला त्याचा स्वतःचा, कंपनीने दिलेला अडॅप्टर द्या, पेडलना वेगळा. नऊ व्होल्टचा, पिन बसली म्हणून चालेल, असं नसतं. मिलिअँपियर आणि सेंटर पिनची पोलॅरिटी जुळायला हवी.

शिट्टी असेल तर पॅच उघडून सेंड आणि रिटर्नचे ब्लॉक कुठे बसलेत ते बघा. रिटर्न सेंडच्या आधी बसला तर अँपच्या प्रीअँपचं आउटपुट परत त्याच प्रीअँपच्या इनपुटला जातं. अँप मग आपोआप गातो. मास्टर झटकन खाली घ्या, आणि ट्वीटरवाला मॉनिटर लाइनवर असेल तर आधी त्याचा आवाज.

गेट

नॉइज गेट, म्हणजे सिग्नल ठरावीक पातळीच्या खाली गेला की आवाज बंद करणारा इफेक्ट, मुद्दाम शेवटी घेतलाय. हम न शोधता गेट लावणं म्हणजे गळक्या नळाखाली बादली ठेवणं आहे. वाजवणं थांबवलं की शांतता, वाजवायला लागलं की घूं सुरांच्या खाली तसाच, आणि लांब सोडलेला स्वर शेवटी कात्रीने कापल्यासारखा तुटतो.

वरचं सगळं झाल्यावर हाय-गेनवर थोडा सूं उरतो, तो गेटचं खरं काम. चार केबलमध्ये गेट बसवायची जागा प्रोसेसरच्या रिटर्ननंतर, म्हणजे डिले-रिव्हर्बच्या आधी, कारण सूं तयार होतो तो प्रीअँपमध्ये. पण त्याने कान मात्र गिटारच्या कोऱ्या सिग्नलला द्यायला हवा. डिस्टॉर्ट झालेल्या सिग्नलमध्ये स्वर आणि सूं यांच्यातलं अंतर फार कमी असतं आणि गेट गोंधळतो. बॉसच्या जीटी मालिकेत नॉइज सप्रेसरमध्ये ‘डिटेक्ट’ नावाचं सेटिंग असतं, ते ‘इनपुट’वर ठेवलं की नेमकं हेच होतं. थ्रेशोल्ड शून्यापासून हळूहळू वर आणा आणि सूं बंद झाल्या क्षणी थांबा. मग एक स्वर धरून पूर्ण विझेपर्यंत सोडा. शेपूट तुटत असेल तर थ्रेशोल्ड कमी करा, रिलीज वाढवा. हे घरच्या व्हॉल्यूमला नाही, बँडच्या व्हॉल्यूमला करायचं, आणि सिंगल कॉइल असेल तर नव्या जागी गेल्यावर परत बघायचं. तिथल्या डिमरचा झर्र वेगळा असतो.